दोनदा कापिलेल्या फोनाची हकीकत

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. चुलीस नमस्कार, पाट्यावरवंट्यास नमस्कार, आणि जे जेवून नुसते हात धुतात त्यांसही नमस्कार, कारण राज्य त्यांचे. शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभव नाम संवत्सर, वैशाख मास, रविवार. ते दिवशी तीन खोल्यांच्या एका राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे.

राज्याचे धनी श्रीमंत सुधाकरराव. आठवडाभर कचेरीची चाकरी करावी आणि रविवारी टीव्हीसमोर बैसोन पृथ्वीचा कारभार पाहावा, ऐसा त्यांचा शिरस्ता. शेजारी खुर्चीत त्यांच्या मातोश्री. आणि स्वयंपाकघरात राणीसाहेब शैलजाबाई, ज्यांस रविवार म्हणजे काय हे कोणी कळविलेच नाही. बाईंचा धाकटा भाऊ नंदकुमार मालवाहू जहाजावर स्वयंपाकी. ते साली पश्चिम समुद्री दोन बादशाह्यांचे युद्ध पेटले आणि आकाशातून आग पडू लागली, आणि नंदकुमाराचे जहाज नेमके तिकडेच निघाले. बाईंनी भावास निक्षून सांगितले, "नंदू, या खेपेला जाऊ नकोस. गेलास तर माझ्याशी बोलू नकोस." तो पोटासाठी गेला. मग बहीणभावांचे बोलणे तुटले आणि बाईंच्या घशाखाली घास उतरेना. शनिवारी भावजय शुभदा हिचा निरोप आला की उद्या जहाजावरच्या फोनाची नंदूची पाळी आहे, तो आधी ताईला फोन करणार आहे. तेव्हा बाईंनी मनाशी पक्के केले की त्यास एक शब्द लावून बोलावयाचे नाही, नुसते 'सांभाळ रे' म्हणावयाचे.

परंतु कुरडयांचा गहू आधीच भिजत पडला होता, आणि रविवारी चीक शिजविला नाही तर आंबून फुकट जातो. मग बाईंनी मोबाइल ओट्यावर जवळ ठेविला, आधणात हिंगमीठ घातले, आणि चीक वैरून घोटावयास लागल्या. इतक्यात दिवाणखान्यात हाहाकार जाहला. घरचे इंटरनेट बंद पडले आणि ऐन लढाईत टीव्ही काळा जाहला. श्रीमंत जातीने स्वयंपाकघरात आले, हे वर्षातून क्वचित घडते, आणि म्हणाले, "तुझा मोबाइल दे. त्याच्या नेटवर टीव्ही लावतो. माझ्या फोनला रेंज नाही."

"अहो, नंदूचा फोन यायचाय."

"आला की हाक मारतो. मी काय पळून जातोय का?"

बाईंचे हात चिकात, पातेल्यास गुठळी धरण्याचे भय. नाही म्हणावयास सवड पाहिजे, ती नव्हती. मोबाइल गेला. मग बाई तापता चीक आणि सोऱ्या घेऊन गच्चीवर गेल्या, कारण चीक निवला की सोऱ्यातून उतरत नाही, आणि उन्हात बसून एकामागून एक कुरडई घालू लागल्या. हात पोळत होते आणि कान जिन्याकडे.

खाली तळमजल्याचे नेने मसलतीस आले. चहाचा हुकूम वर गच्चीपर्यंत गेला, बाई उतरल्या, चहा ठेविला, "फोन आला का?" ऐसे पुसले, "नाही अजून" ऐसे उत्तर घेतले, आणि पुन्हा चढल्या. मग दोघां मुत्सद्द्यांनी आरमारे हलविली, बंदरे घेतली, एका बादशहास माफी दिली. त्यात टीव्हीवर त्याच समुद्रातील जहाजांची गोष्ट निघाली, श्रीमंत सरसावून बसले, आणि तोच फोन वाजला आणि चित्र जागीच गोठले. श्रीमंतांनी क्रोधे फोन कापिला. चित्र चालले. पुन्हा वाजला, पुन्हा कापिला.

मातोश्री म्हणाल्या, "अरे, घे की. तिच्या भावाचा असेल."

"आई, लांबलचक नंबर आहे बाहेरदेशातला. असल्या नंबरांवरून फसवतात, परवाच टीव्हीवर सांगितलं."

नेन्यांनी मान डोलाविली. मग तिसऱ्यांदा वाजला नाही.

दुपारी बाई उतरल्या, हात न धुताच मोबाइल घेतला, आणि एकाच लांबलचक नंबराचे दोन कापिलेले फोन पाहिले. उलट फोन केले, लागले नाहीत. श्रीमंत म्हणाले, "मला काय स्वप्न पडलं होतं? करेल परत." मातोश्री म्हणाल्या, "मी म्हटलं होतं त्याला." परंतु गच्चीवर हाक मारावयास त्याही उठल्या नव्हत्या. मग बाईंनी ताटे वाढली, कारण वेळ जेवणाची होती.

संध्याकाळी शुभदेचा फोन आला. "ताई, तुम्ही त्यांचा फोन दोनदा कापलात का हो? मग मला केला त्यांनी. म्हणाले, ताईचा राग अजून गेला नाही, तिला त्रास देऊ नकोस. आता जहाज त्या अरुंद वाटेत शिरतंय. तिथे फोन बंद ठेवतात म्हणे."

"मी नाही गं कापला," बाई म्हणाल्या.

"मग त्यांना कसं सांगू आता?" शुभदा म्हणाली, आणि तिला रडू फुटले.

बाई दिवाणखान्यात आल्या. श्रीमंत नकाशावर तीच अरुंद वाट पाहत होते आणि तिची रुंदी मातोश्रींस समजावून सांगत होते. बाई टीव्हीच्या आड उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नंदूचं जहाज आत्ता तिथे आहे. मी फोन कापला असं समजून तो आत गेलाय. त्याला काही झालं, तर तुम्हाला माझ्याआधी कळेल." श्रीमंतांनी आवाज कमी केला. बंद केला नाही.

येणेप्रमाणे त्या दिवसाची हकीकत. युद्ध चालू राहिले, मसलत करणारे सुखरूप राहिले, आणि राज्यात कोणी कोणाची माफी मागितल्याची नोंद नाही. राणीसाहेब त्या दिवसापासून मोबाइल कमरेस खोचून हिंडतात, कोणी मागितल्यास देत नाहीत. तो अद्याप वाजला नाही. कळावे.