इंदुमतीचं डोहाळजेवण

“सुरेंद्रभाऊ, डोळे पाह्यले का मले संवाद समजते! मंग तो माणूस जपानचा असो का आरमोरीचा!”

हरिदास शिंप्यानं सिंदेवाहीच्या केबल ऑफिसात छाती ठोकून हे सांगितलं, तेव्हा सुरेंद्र केबलवाल्याचा जीव भांड्यात पडला. बिचाऱ्यानं नागपूरहून एका गाजलेल्या जुन्या जपानी कार्टून मालिकेच्या सीड्या आणल्या होत्या. ‘जन्मात एकदा तरी पाहावी अशी मालिका! रोज संध्याकाळी सहा वाजता!’ अशी पट्टी आपल्या चॅनलवर फिरवूनही झाली. मग सीडी लावून पाहतो तर काय, आतली माणसं अस्सल जपानीत भांडत होती! आता मूळ आवाज बंद करून माइकवर मराठीत बोलणारं कुणीतरी हवं होतं.

आणि हरिदास काही साधासुधा शिंपी नव्हता! झाडीपट्टीच्या नाटकांत त्यानं वर्षानुवर्षं नायिका रंगवली होती. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत तो शालू नेसून रंगमंचावर उभा राहिला की गावोगावच्या बाया पदर डोळ्यांना लावत. पुढे नागपूरहून खऱ्याखुऱ्या नट्या यायला लागल्या आणि हरिदासच्या वाट्याला फक्त बायांचे ब्लाउज उरले. हे त्याला फार लागलं होतं. गावानं पुन्हा एकदा आपल्याला नायिका म्हणून ओळखावं, एवढीच त्याची इच्छा होती.

पहिल्याच भागात कमरेपर्यंत केस सोडलेली, गोरीपान, टपोऱ्या डोळ्यांची एक आकृती पडद्यावर आली. हीच आपली नायिका! हरिदासनं तिचं नाव इंदुमती ठेवलं, बाजूच्या दांडग्या तलवारबाजाशी तिचं लग्न लावून टाकलं आणि ठेवणीतला नाजूक आवाज काढला.

“नाथ! या दासीला सोडून कुठं निघालात?”

सिंदेवाही येडी झाली! सहा वाजले की बाया भाजी चुलीवर सोडून टीव्हीपुढे बसायच्या. पुढे एका भागात इंदुमती पोट धरून झाडाखाली बसली. आता नायिकेनं पोट धरलं की त्याचा अर्थ काय, हे हरिदासला कुणी शिकवायला हवं होतं का?

“नाथ,” तो लाजून म्हणाला, “मला दिवस गेले!”

दुसऱ्या दिवशी सकाळीच मासे विकणारी रंभा चार बाया घेऊन त्याच्या दुकानात हजर!

“हरिदासभाऊ, त्या पोरीले माहेर नाई दिसत. डोहाळजेवण आमीच करतो.”

कार्टूनचं डोहाळजेवण! हरिदासनं नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण नागपूरच्या एका तरी नटीचं असं कौतुक झालं होतं का?

“करा ना, बाई!” तो म्हणाला.

संध्याकाळी केबल ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्हीला हार घातला होता. रंभाच्या हातात नारळ, तांदूळ, हिरवा खण अशी ओटीची तयारी होती. भाग सुरू झाला. इंदुमती नदीवर आली. पाठमोरी उभी राहिली. तिनं खांद्यावरून झगा खाली सोडला.

“अवो बाप्पा!” बायांनी डोळे झाकले. बोटांच्या फटी मात्र उघड्या होत्या.

इंदुमती वळली. छाती फळीसारखी सपाट, त्यावर केस, आणि पोटाला रक्तानं भिजलेली पट्टी!

“अवो, हे तं माणूस हाय!” रंभा किंचाळली.

सुरेंद्रनं बटनाकडे हात नेला. “लाइट गेली म्हणून सांगू का गा?”

हरिदासनं त्याचं मनगट धरलं. आत्ता पडदा पडला तर गावभर हसं होणार आणि आपली नायिका कायमची मरणार!

“हात नको लावू!” तो गरजला. मग माइक तोंडाशी धरून, नायिका म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच, स्वतःच्या घोगऱ्या आवाजात बोलला.

“हो बायांनो, मी माणूस आहो. जलमभर बाईचं सोंग केलं. तुमी रडल्या, तवा मी खरी बाई झालो. पोटात घाव होता, तरी सोंग सोडलं नाई. मंग खऱ्या बाया आल्या, अन् मले कोणी वळखेना…”

पडद्यावरच्याचे ओठ हलतही नव्हते. पण पाहतो कोण? बाया हुंदके देत होत्या. सुरेंद्र सीडी पुसायचं फडकं डोळ्यांना लावत होता. रंभानं नाक पुसलं, उठली आणि थेट हरिदाससमोर उभी राहिली.

“आणलेली ओटी वापस नेत नाई, भाऊ. धरा!”

हरिदासनं सदऱ्याचा घोळ पुढे केला. एवढा मान त्याला शालू नेसूनही मिळाला नव्हता!

ताठ मानेनं तो घरी आला. बायको अन्नपूर्णा भाकरी थापत होती.

“पाह्यलं टीव्हीवर? सारं सिंदेवाही फसलं! इंदुमती बाई नाई, हे कोणाच्या सपनातबी नव्हतं!”

“मले तं पहिल्याच दिवशी समजलं.”

“कसं काय?”

“चूल पेटली का ते इंदुमती उठून बाहेर जाये, अन् ताट वाढलं का बरोबर येऊन बसे. बाई कुठी अशी असते?”

हरिदास तेव्हा नुकताच पाटावर येऊन बसला होता.