बर्फातली पॅसेंजर

ठण्ण करून मोहरीच्या डब्याचं झाकण फळीवरून सुटलं, खालच्या टेबलावर आपटलं, तिथून घरंगळत गेलं आणि पलंगाखाली गोल गोल फिरत एकदाचं निजलं. दुपारचे सव्वातीन. समोरच्या गाळ्यातले कापड विणायचे लूम आज बंद होते, त्यामुळे डिंडोलीच्या त्या गल्लीत नावालाही आवाज नव्हता. जयश्री फळी पुसायचं फडकं हातात धरून तशीच उभी राहिली. झाकणाची तिला काळजी नव्हती. ते ज्याच्यावर आपटलं होतं, त्याची होती.

टेबलावर शेठचा कॉम्प्युटर होता. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये डिझाइनच्या खोलीला रंग काढायला घेतला, म्हणून शेठने तो चार दिवसांसाठी तिच्या नवऱ्याच्या, योगेंद्रच्या, घरी पाठवला होता. लग्नसराईच्या साडीचा पदर त्याच्यावर काढून व्हायचा होता. चार दिवस योगेंद्र मिलमधून आला की आतल्या खोलीचं दार लावून घ्यायचा आणि जेवायलाच बाहेर यायचा. आज सकाळी निघताना त्याने कॉम्प्युटरवर उशीचा अभ्रा घातला आणि बजावलं, "डिझाइन उघडी ठेवलीय. बटण बंद करू नको. बंद झालं तर चार दिवसांचं काम गेलं समज. सहाला टेम्पो येईल न्यायला."

आणि आता झाकणाने कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि अभ्र्याच्या आतून कुणीतरी शिट्टी फुंकली.

लांब, घोगरी, अगदी आगगाडीची शिट्टी. डिंडोलीत आगगाडीच्या शिट्टीचं नवल नाही, मागेच रूळ आहेत. पण ती पश्चिमेकडून येते, अभ्र्यातून येत नाही. जयश्रीने अभ्रा वर केला. आत साडी नव्हती, पदर नव्हता. एक लाल इंजिन होतं, फलाट होता, फलाटावर अंगभर कोट घातलेली माणसं आणि सगळ्यावर बर्फ.

"मम्मी, जो ना, बघ ना, गाडी," सात वर्षांची गायत्री पलंगाखालून झाकण घेऊन बाहेर आली. "पप्पांची डिझाइन कुठे गेली?"

"मागे असेल कुठेतरी."

मागे म्हणजे कुठे, हे जयश्रीला माहीत नव्हतं. ती दहावी पास होती, इंग्रजी जोडून जोडून वाचायची. कोपऱ्यातल्या एका बटणाखाली 'बाहेर' अशा अर्थाचा शब्द दिसला, म्हणून तिने ते दाबलं. मधोमध एक चौकट आली. तिने बोट ठेवून एकेक शब्द लावला. प्रवास अर्धवट सोडलात तर न साठवलेलं सगळं काम नाहीसं होईल. सोडायचा का?

सगळं काम. म्हणजे योगेंद्रचे चार दिवस. तिने घाईघाईने 'नाही'चं बटण दाबलं. चौकट गेली आणि इंजिन पुन्हा धूर सोडत उभं राहिलं.

तेवढ्यात शेजारच्या मालतीबाई दारात आल्या. त्या बीडकडच्या, नवरा लूमवर. "बाई, तुमच्या घरातून शिट्टी वाजली का वं?" त्यांनी विचारलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "थांबा, मी पीसीओवरून मिलला फोन लावून येते." दहा मिनिटांनी परत आल्या. "गेटवरचा माणूस म्हणतो, ते रंगखात्यात गेलेत. निरोप देतो म्हणला, पण त्याच्या आवाजावरून काय देईल असं वाटत नाही."

म्हणजे एकच वाट उरली. प्रवास अर्धवट सोडायचा नाही, तर पुरा करायचा. गाडी पुढच्या स्टेशनात नेऊन लावायची.

तिने वरच्या बाणाचं बटण दाबलं. इंजिन घुरघुरलं. गाडी जागची हलली नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा घुरघुर. तिसऱ्यांदा बाहेरच्या खोलीतून खाकरल्याचा आवाज आला आणि राघोआबा, तिचे सासरे, उंबऱ्याशी आले. बत्तीस वर्षं लूमवर काढलेला माणूस, कानाने यंत्र ओळखायचा.

"जयश्री, इंजिन वढी राह्यनं, पन गाडी बांधेल शे," ते आपल्या खानदेशी बोलीत म्हणाले. इंजिन ओढत होतं, पण गाडी कशाने तरी बांधलेली होती.

जयश्रीने चटकन पदर डोक्यावर ओढला. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण सासऱ्यांसमोर तिचा पदर कधी खांद्यावर आला नव्हता. आता पंचाईत अशी झाली, की डावा हात पदरात अडकला आणि उजव्या हाताने बाण दाबला की दुसरी बटणं मोकळी. उजव्याने ती धरावीत तर बाण मोकळा. पदर दातात धरून पाहिला, तर बोलता येईना. आबांनी एवढं पाहिलं आणि खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यावर बसले.

"मी तिकडे दखत नही. तू दोन्ही हात लाव. पोर माले सांगी काय दिसस ते."

अशी व्यवस्था लागली. जयश्री ड्रायव्हर, गायत्री डोळे, आणि वाट सांगणारा भिंतीकडे तोंड करून, समोरच्या कॅलेंडरवरच्या गणपतीला सूचना देणारा. मालतीबाई पलंगावर बसल्या. त्या प्रवासी.

"खाली काय लिखेल शे?" आबांनी विचारलं.

"ब्रेक. एक इंजिनचा, एक सगळ्या गाडीचा. मी एक सोडला, आबा."

"एक सोडीसन काय व्हस? बैलगाडी जुपाना आधी दोन्ही चाकाखालना दगड काढतस का नही? एकच काढा तर गाडी जागावरच फिरस."

जयश्रीने दुसरा ब्रेक सोडला. मग बाण दाबला. फलाटावरचा दिव्याचा खांब हळूच मागे सरकला, मग बाकडं, मग टोपीवाला एक माणूस.

"मम्मी, चालली," गायत्री म्हणाली.

"चालनी का? मंग आते घाई करू नको," आबा गणपतीला म्हणाले. "उधन्याना पुढे वळण शे."

तिथे उधना नव्हतं. पाइनची झाडं होती, गोठलेली नदी होती. पण आबांच्या मनात उधना-जळगाव पॅसेंजर सुरू झाली होती, आणि ज्या गाडीने ते बत्तीस वर्षं दर दिवाळीला अमळनेरला गेले, तिच्या वाटेवर बर्फ पडला म्हणून वळण बदलत नाही. गंमत म्हणजे वळण खरंच आलं. मालतीबाईंनी पलंगाची कड धरली.

"जरा दमानं, बाई. आत म्हातारी माणसं असतील."

"आबा, लाल दिसतंय," गायत्री म्हणाली.

"लाल म्हंजे क्रॉसिंग. समोरतून मेल येई, मंग आपली गाडी. गाडी उभी कर आन शेंगा काढ."

"आबा, पावणेपाच झाले. सहाला टेम्पो यायचाय," जयश्री रडकुंडीला आली.

"लालमा घुसनी ते समदं गयं. सिग्नलवर कोणाना जोर चालत नही, माय. शेठनाबी नही."

गाडी उभी राहिली. गायत्रीने शेंगांचा डबा आणला. चौघांनी शेंगा खाल्ल्या. टरफलं आबांनी पाठीमागे न बघता नेमकी ताटात टाकली. घड्याळाचा काटा पाचाच्या पुढे गेला आणि जयश्रीने हातातली शेंग तशीच ताटात टाकली, एवढ्यात समोरून धडधडत दुसरी गाडी आली आणि निघून गेली. मागोमाग दिवा हिरवा झाला.

"सांगेल व्हतं," आबा म्हणाले. त्यांच्या पाठीवरूनसुद्धा ते हसतायत हे कळत होतं.

खरी परीक्षा पुढे होती. स्टेशन यायच्या आधी कोपऱ्यात आकडे कमी कमी होऊ लागले आणि फलाट मात्र दिसेना.

"टेसन दिसाना आधीच हात आवर," आबा म्हणाले. "दिसनं म्हंजे उशीर व्हयना. पन एकदम दाबू नको."

एकदम दाबायचं नाही, तर किती दाबायचं? मग एकाएकी तिच्या हातालाच आठवलं. गायत्री तान्ही असताना पाळणा असाच थांबवावा लागायचा. झोका एकदम धरला की पोर जागी. दोरीला हलका हात, मग आणखी हलका, मग नुसता हात दोरीवर, आणि पाळण्याला कळूही न देता तो थांबलेला. तिने ब्रेक तसाच लावला. थोडा, सोडला. थोडा, सोडला. फलाट आला, बाकडी आली, दिवे हळू झाले, आणि गाडी कुणालाही न उठवता उभी राहिली.

"लागनी का?" आबांनी विचारलं.

"लागली, आबा."

"मी दखू का आते?"

"थांबा, पदर घेते."

आबा वळले. गाडीचा फक्त मागचा डबा त्यांना दिसला, तेवढ्याने ते तृप्त झाले. पडद्यावर गाडी वेळेआधी चार मिनिटं पोचल्याचं आलं, मग एक यादी आली. गायत्रीने बोट ठेवलं. "हे पप्पांचं नाव. माझ्या वहीवर असंच लिहितात." नावापुढे आकडे होते. जयश्रीने ते लावून वाचले. केलेले प्रयत्न, एकसष्ट. कापलेलं अंतर, शून्य. त्याच्या खाली आजच्या प्रवासाची ओळ, पूर्ण.

मग गाडी मिटली आणि मागून डिझाइन आली. पांढराशुभ्र पडदा, आणि डाव्या कोपऱ्यात एक कुयरी. एकच. तिलाही देठ नव्हता.

मालतीबाई उठल्या. "मी चहा टाकते," म्हणाल्या आणि लगेच स्वयंपाकघरात गेल्या, कारण हसू तिथे जाऊन सांडायचं होतं.

साडेपाचला योगेंद्र धावत आला. निरोप मिळाला होता म्हणायचा. तो दारातच थांबला. पुढे पडद्यावर कुयरी, शेजारी बायको, मागे बाप.

"तू गाडी हलवली?" त्याने हळूच विचारलं.

"पोचवली."

"ते दोन ब्रेक…" त्याने आबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मला वाटलं, गेममधली गाडी एकदा सुटली की पाच मिनिटांत बंद करून कामाला बसू. ती सुटेचना."

"आणि पदर?"

"डोक्यात पूर्ण आहे, जयू. फक्त काढायचाय. आईशप्पथ."

जयश्रीने त्याच्याकडे पाहिलं. शेठच्या नजरेने पाहावं की बायकोच्या, हे तिचं ठरेना. चार दिवस हा माणूस जेवायच्या ताटावरही गंभीर होता, आणि ती त्याला दुसऱ्यांदा वरण वाढायची, कामाचा ताण आहे म्हणून. तिने खुर्ची भिंतीकडून वळवून टेबलाशी ओढली.

"बस. काढ. टेम्पोवाल्याला आम्ही चहा देतो, मग मालतीबाई भजी तळतील, मग आबा त्याला उधन्यापासून जळगावपर्यंत एकेक स्टेशन सांगतील. किती लागेल?"

"दोन तास."

"आबा नंदुरबारला जास्त थांबतील," ती म्हणाली.

योगेंद्र बसला. कुयरीला देठ आला, देठाला वेल फुटली, वेलीवर पाचूसारखा रंग चढू लागला. हात मात्र त्याचा खराच कलाकाराचा होता, हे जयश्रीला मान्य करावं लागलं. बाहेर टेम्पो वाजला. आबा धोतर सावरत सामोरे गेले.

गायत्री इतका वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसली होती. ती आईच्या पदराला धरून म्हणाली, "मम्मी, पप्पांची गाडी चार दिवस हललीच नाही ना?"

"नाही गं."

"मग फलाटावरची ती कोटवाली माणसं चार दिवस तिथेच उभी होती. त्यांना जेवायला कोण देत होतं?"