हेमराजभाईंची कॉफी

फसवाफसवीचं काही माझ्या मनात नव्हतं. मला फक्त एक पाकीट कॉफी मागवायची होती, तीही स्वतःच्या बायकोकडून, आणि तिला न कळता. एवढ्याशा गोष्टीचं पुढे जे रामायण झालं ते ऐकून तुम्ही हसाल. हसा. आमच्या घरातले सगळे हसून झालेत, तुम्हीच तेवढे राहिलात.

माझी बायको जयश्री इथे सुरतेत एका मराठी शाळेत शिकवायची. वर्गातली मुलं कमी होत गेली (आईबापांना आता गुजराती नाहीतर इंग्रजी पाहिजे) आणि शेवटी शाळाच बंद झाली. निरोपाची शाल आणि नारळ घेऊन ती घरी आली आणि गप्प बसली. माझी बायको, गप्प! लग्न झाल्यापासून यासाठी मी फक्त नवस बोलायचाच बाकी ठेवला होता. पण ती खरंच गप्प बसली, तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरेना.

तिची बहीण गायत्री चिकमगळूरला असते. तिनं भाजलेल्या कॉफीच्या बिया पाठवल्या, आमच्या सायलीनं मोबाईलवर आईसाठी पान उघडून दिलं आणि 'जयश्री फिल्टर कॉफी' सुरू झाली. जयश्री बिया दळायची, चिकोरी मिसळायची, पाकिटांवर लेबलं चिकटवायची आणि मग मोबाईल पुढ्यात घेऊन बसायची. ऑर्डर काही येईना. येणार कशी? सुरतेचा माणूस सकाळी चहा पितो, रात्री कोल्ड कोको पितो आणि मधल्या वेळात पुन्हा चहा पितो. पाकिटांचे फोटो बघून लोक नुसते अंगठे दाखवत होते, आणि अंगठा दाखवणं म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको.

"महिनाअखेरपर्यंत बघते, नाहीतर बंद करते," एकदा जेवताना ती म्हणाली. "मला आता कुणी विचारत नाही."

हे ती कॉफीबद्दल बोलत नव्हती, एवढं मलासुद्धा कळलं. (मला उशिरा कळतं, पण कळतं.)

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ड्रॉवरातलं एक जुनं सिम शोधून काढलं. त्याचा नंबर घरी कुणालाच माहीत नव्हता. त्यावरून मेसेज ठोकला : 'नमस्ते बेन, एक पॅकेट कोफी जोईए छे. हेमराजभाई.' पत्ता दिला आमच्याच ऑफिसच्या नानपुऱ्यातल्या बिल्डिंगचा, फक्त मजला बदलला. ही मला त्या वेळी चलाखी वाटली होती.

संध्याकाळी घरी आलो तर बाई दारातच उभ्या.

"अहो, पहिली ऑर्डर आली! आणि गंमत म्हणजे तुमच्याच बिल्डिंगमधून! कुणी हेमराजभाई आहेत. ओळखता का?"

"नाही बुवा. मोठी बिल्डिंग आहे."

"तीन मजली?"

"पण रुंद आहे."

"मग उद्या तुम्हीच पोचवा. कुरिअर कशाला?"

अशा रीतीनं मी स्वतःचं पाकीट स्वतःच वाहून नेऊन स्वतःला पोचतं केलं. संध्याकाळी चप्पल काढायच्या आत प्रश्न आला, "काय म्हणाले?"

"कोण?"

"हेमराजभाई!"

"ते... त्यांनी वास घेतला. डोळे मिटले."

"मग?"

"मग उघडले."

एवढ्यावरही ती खूश झाली. त्या दिवशी स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू आलं आणि मी ठरवलं की हेमराजभाईंना अजून तलफ आली पाहिजे. दुसरा मेसेज गेला. तो सायलीनं जेवणाच्या ताटावर मोठ्यानं वाचला : "'बेन, कोफी बहु सरस छे. बीजा बे पॅकेट पाठवजो.' पाठवजो? पप्पा, सुरतेत असं कोण बोलतं? मोकलजो म्हणतात!"

मला जोराचा ठसका लागला. इतकी वर्षं सुरतेत काढूनही माझं गुजराती भाजीबाजाराच्या पलीकडे गेलेलं नाही. 'केटला' आणि 'बहु मोंघु' या दोन शब्दांवर माझा संसार चाललाय.

"असतील सीमेवरच्या डांगकडचे बिचारे," जयश्री शांतपणे म्हणाली. "भावना बघावी गं, भाषा काय बघतेस?" आणि तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

त्यानंतर हेमराजभाई माझ्या हाताबाहेर गेले. ते रोज सकाळी जयश्रीची चौकशी करू लागले. बेन, तब्येत केम छे? बेन, तमारी कोफी पीधा पछी कामात मन लागे छे. (मधला 'कामात' मराठी आहे हे मला आता कळतंय.) जे मला उभ्या जन्मात बोलायला जमलं नाही ते हा गृहस्थ दोन ओळींत बोलून मोकळा व्हायचा. मला त्याचा थोडा रागही येऊ लागला होता.

इकडे माझा ड्रॉवर पाकिटांनी भरला. मला स्वतःला कॉफीनं पित्त होतं, त्यामुळे मी ती वाटत सुटलो. दुसऱ्या मजल्यावरच्या कापडाच्या दलालांना दिली, खालच्या झेरॉक्सवाल्याला दिली, आमचा शिपाई लोटू याला दिली. लोटू धुळ्याकडचा. एक दिवस तो पाकिटावरचं नाव वाचून डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, आज बी पुडा उना. हाऊ हेमराजभाई शे तरी कोन?"

"आहे रे एक."

"दखात नही कधी."

आणि मग जयश्रीनं बॉम्ब टाकला. "मी गायत्रीकडून पोतंभर बिया मागवतेय. हेमराजभाईंच्या भरवशावर."

उद्या पोतं येणार, आणि मग कळणार की भरवसा ठेवायला माणूसच नाही. ती पुन्हा गप्प बसणार, आणि या खेपेला माझ्यामुळे. रात्रभर तळमळलो आणि सकाळी हेमराजभाईंची बदली करून टाकली : 'बेन, मारी बदली राजकोट थई गई छे. आवजो.' वाटलं, सुटलो.

दुपारी जेवायच्या सुट्टीत मान वर केली तर समोर जयश्री. चांगली साडी, हातात थर्मास.

"हेमराजभाई चाललेत ना राजकोटला? म्हटलं, निरोप देऊन यावं."

"ते... ते गेले. आत्ताच. पाच मिनिटं झाली."

"असं?" ती माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली. थर्मास उघडला, कपात कॉफी ओतली आणि कप माझ्यापुढे सरकवला. "घ्या, हेमराजभाई."

लोटू दाराशी उभा होता. तो "अरे देवा" म्हणून सटकला. (त्याला पडलेल्या कोड्याचं उत्तर मिळालं होतं.)

"कधीपासून माहीत होतं?" मी कपाकडे बघत विचारलं.

"पाठवजो," ती म्हणाली. "असं गुजराती बोलणारा माणूस या सुरतेत एकच आहे, आणि त्याच्याशी माझं लग्न झालंय."

"मग बोलली का नाहीस?"

ती थर्मासचं झाकण उगाचच लावत, काढत राहिली. "शाळा बंद झाल्यावर वाटायचं, सकाळी उठून आपली वाट बघणारं कुणी नाही. मग हे हेमराजभाई रोज विचारायला लागले. तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही 'हं' म्हणता आणि पेपर उघडता. मी बोलले असते तर ते यायचे बंद झाले असते. तेवढा एक माणूस मला हवा होता हो."

मला तिचा हात धरावासा वाटला, पण ऑफिस होतं, म्हणून मी कप धरला आणि कॉफी प्यायलो. काय सांगू तुम्हाला, इतकी चांगली होती! इतके दिवस मी न पिताच खरं बोलत होतो.

"आणि ते पोतं?" मी विचारलं. "आता परत पाठवायचं?"

"परत कशाला? तुम्ही वाटलेल्या पाकिटांवर माझा नंबर आहे. दलालांचे फोन आलेत, झेरॉक्सवाल्यानं त्याच्या इच्छापोरच्या मेहुण्यासाठी मागवलीय. पोतं त्यांच्या भरवशावर आहे. हेमराजभाईंचं नाव मी उगाच सांगितलं, बघू म्हटलं घाबरता का."

मला इतका आनंद झाला की पित्ताची पर्वा न करता मी दुसरा कप मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात पोचताच मी ठरवलं की आता मध्ये कुणी भाई नको. स्वतःच्या नंबरवरून, शुद्ध मराठीत, बराच वेळ खोडून खोडून लिहिलं : 'जयश्री, तुझ्या हातची कॉफी प्यायली की दिवस चांगला जातो. तू गप्प बसलीस की घर खायला उठतं. तू बोलत राहा.' कॉफीच्याच नंबरवर पाठवलं, कारण तो फोन तिच्या हातातून सुटत नाही.

त्याच क्षणी उत्तर आलं. 'आपला संदेश वाचून आम्हाला मनापासून आनंद झाला. आपण आमच्यासाठी मोलाचे आहात.'

माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत ती मला असं कधी म्हणाली नव्हती. मान द्यायचा म्हणून 'आम्हाला' लिहिलं असेल, असंही वाटलं. लोटूला दाखवावं म्हणून हाक मारणार, तेवढ्यात सायलीनं आदल्याच रात्री त्या फोनमध्ये बसवून ठेवलेल्या आपोआप उत्तराची पुढची ओळ आली : 'ऑर्डर नोंदवण्यासाठी कृपया आपलं पूर्ण नाव, पत्ता आणि पिनकोड कळवा.'

मी मुकाट्यानं कळवलं.