सुलभाताईंचा तिसरा आवाज

रविवार, सकाळी अकरा. महिला मंडळाची बैठक, माझ्या पडवीत. हजर: मी (सचिव), खजिनदार वीणा, शेजारच्या सुलभाताई आणि झाडून सगळ्या सभासद. गैरहजर: कोणी नाही.

हे माझ्यामुळे घडलेलं नाही, हे आधीच सांगते. मी वेळेवर निरोप धाडते, खुर्च्या मांडते, तेव्हा निम्म्या जणींकडे नेमके पाहुणे येतात. सुलभाताई धडधडीवर बोलणार म्हटल्यावर पाहुणेही यायचे थांबले.

सुलभाताईंना गर्दीत धडधडायचं, घाम फुटायचा. हृदय ठणठणीत आहे, ही घबराट आहे, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी मोबाईलवर एक कोर्स लावला. त्यातली बाई सांगते, घाबरलात की दिसणाऱ्या पाच गोष्टी म्हणा, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन. सुलभाताई हे मोठ्याने करतात. कुठेही. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीच्या लिलावाच्या गलक्यात त्या सुरू झाल्या, "सुरमई, बर्फ, टोपली, कावळा..."

"पाचवी मला धरा, ताई!" मासेवाली ओरडली. "पन आधी काय घेताव ते बोला!"

तेव्हापासून सगळा बाजार त्यांना ओळखतो. मला विचारतात, "सुलभाताईंच्या शेजारी राहता त्या तुम्हीच ना?"

बैठकीत त्या म्हणाल्या, "धडधडीला हाकलायचं नाही हो. म्हणायचं, आलीस? बस. पाणी पी नि जा." वीणाने ते टिपून घेतलं. माझी एक सूचना तिने आजवर टिपलेली नाही. उलट म्हणाली, "आधी तुमचा मिक्सर दुरुस्त करा, वहिनी. त्याच्या खडखडाटानेच आळीला धडधडतं!" सगळ्या हसल्या. सुलभाताई तेवढ्या हसल्या नाहीत. मी ते काम तिथेच यादीत घातलं.

संध्याकाळी त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला गेले. त्या स्वयंपाकघरात मोबाईलसमोर बसल्या होत्या. मोबाईलमधली बाई म्हणाली, "आता ऐकू येणाऱ्या तीन गोष्टी."

"घड्याळ. माडाची झावळी." तिसरी सापडेना. कपाळावर घाम. मला पाहून म्हणाल्या, "आज वाटण नाही का तुमचं?"

"सकाळीच झालं."

"तरीच. मुलगा मुंबईला गेल्यापासून या वेळी घरात आवाजच नसतो. तुमचा मिक्सर लागला की माझं तिसरं होतं. पलीकडे कुणाचातरी स्वयंपाक चाललाय, एवढं कळलं की पुरतं."

मी चष्मा ठेवला, घरी आले आणि मूठभर खोबरं टाकून मिक्सर लावला.

"अगं, आता कशाला?" हे ओरडले.

तेवढ्यात खिडकीतून आलंच, "तीन!"

बाजारात सांगायची सोय नाही, पण तो तिसरा आवाज माझा आहे.

मिक्सर दुरुस्तीला देणे: बाकी.