भगवंतरावांनी सांभाळलेला बर्फ

"गारवा कसा सांभाळावा हे मला कुणी शिकवू नये! अख्खी नोकरी बर्फाच्या कारखान्यात काढली आहे!" भगवंतरावांनी छाती फुगवली. कारखान्यात ते हिशेबनीस होते, हे सांगायचं राहिलं.

लेक मोनाली पालघरच्या प्रयोगशाळेत कामाला. बोईसरच्या घरी थर्माकोलचा डबा ठेवत ती म्हणाली, "बाबा, जखम भरायला पेशी एकमेकींना सूक्ष्म पुड्या पाठवतात. त्यांचंच आम्ही भाजलेल्या कातडीसाठी औषध करतोय. त्या न्यायचा हा डबा. दिवसभर घरच्या उकाड्यात राहू दे. आतल्या नळ्यांतलं गोठलेलं वितळलं, तर आमचा प्रयोग बुडाला! झाकण उघडू नका!"

"म्हणजे पेशींची पोस्टाची पाकिटंच की!" मोनालीची आई गोजराबाई म्हणाल्या.

"आणि पोस्टमास्तर मी!" भगवंतराव म्हणाले.

दुपारी पोस्टमास्तरांनी डबा उचलून पाहिला. हलका! राहवेना. झाकण उघडलं, तर पांढरे खडे बत्ताशाएवढे उरलेले आणि तळाला पाण्याचा थेंब नाही!

"अगं, बर्फ सुकलाय!"

"सुकतो होय बर्फ?"

"समोर दिसतोय ना! पाणी आण!"

तांब्या ओतला मात्र, डबा नागासारखा फुसफुसला! पांढरा लोट सोफा गिळून जिन्यात उतरला.

रासायनिक कारखान्यांच्या बोईसरात पांढऱ्या धुराला कुणी नाव-गाव विचारत बसत नाही. खालचा कमलेश ओरडला, "गॅस फुटलाय! तोंडाला ओला फडका बांधा नि पळा!"

क्षणात सगळी इमारत मैदानात! नाकाला पंचे बांधून दरोडेखोरांची टोळी उभी राहावी तशी! एकीच्या हातात तर लाटणं आणि त्याला चिकटलेली अर्धी पोळी.

"अहो, बर्फ आहे तो..." भगवंतराव पुटपुटले.

"काकांच्या डोक्यात गेला गॅस!" कमलेशने त्यांना खाटेवर आडवं केलं.

"सोड मला! माझ्या नळ्या वर राहिल्यात!"

"नळ्या मागतायत! दम लागलाय त्यांना! ऑक्सिजन बोलवा रे!"

तेवढ्यात मोनाली आली. धावत वर गेली आणि डबा घेऊन खाली उतरली. आत पाणी डुचमळत होतं, नळ्या तरंगत होत्या.

भगवंतरावांचे डोळे भरले. "मोना, भाजलेल्या माणसांचं औषध बुडवलं गं मी!"

"बाबा, तो कोरडा बर्फ, ड्राय आइस! त्याचं पाणी होत नाही, वाफ होऊन उडतो, नि वर पाणी ओतलं की असा धूर! आणि नळ्यांत नुसतं मिठाचं पाणी आहे. आज फक्त डब्याची परीक्षा होती. खऱ्या पुड्या तुमच्या हवाली करीन का मी?"

भगवंतरावांना हायसं वाटलं. मग जरा वेळाने अपमानही वाटला.

मोनालीने साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ हसणं चाललं होतं.

"काय म्हणतात?" भगवंतरावांनी चाचरत विचारलं.

"म्हणतात, पुढच्या डब्याची परीक्षाही बाबांकडेच. त्यांच्या हातून वाचला, तो जगात कुठेही वाचेल!"