अल्टरनेटर वारंवार निकामी होण्याबाबत

बिघाड ही व्यक्तिगत बाब आहे. दुरुस्ती ही सामाजिक. यंत्र बिघडतं तेव्हा एकटंच बिघडतं, कोणाला विचारत नाही. पण ते दुरुस्त व्हायचं म्हटलं की त्याला मालक लागतो, मालकाची बायको लागते, मिस्त्री, मिस्त्रीचा मेहुणा (सुटे भाग), रस्त्यावरचे जाणकार आणि घरातली एक शिकलेली व्यक्ती लागते. प्रस्तुत प्रकरणात ती शिकलेली व्यक्ती मी होते.

गाडी माझ्या काकांची. वय एकतीस वर्षं, जात स्पोर्ट्स, रंग लाल (मूळचा), सीट दोन. काका दंतवैद्य आहेत. लोकांचे जुने दात ते हसत हसत उपटतात, पण गाडीच्या बाबतीत 'मूळ आहे तोवर ठेवावं' या मताचे आहेत. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन मी नोकरीच्या शोधात त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांनी त्याच दिवशी मिस्त्रीला फोन केला. "आता आमच्या घरातच सायंटिस्ट आहे."

"बरं झालं," मिस्त्री म्हणाला. "इतके दिवस सगळं माझ्याच डोक्यावर होतं."

गाडीत सीट दोनच असल्यामुळे काका-काकू पुढे आणि मी स्कूटरवरून मागे, अशी आमची रचना असे. निरीक्षकाने निरीक्षणाच्या विषयापासून योग्य अंतर राखावं असं शास्त्र सांगतं. आमचं अंतर साधारण वीस मीटर होतं.

ज्यांना अल्टरनेटर माहीत नाही त्यांच्यासाठी: इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारा तो एक डबा असतो. तो कमावतो, बॅटरी साठवते, आणि दिवे, हॉर्न, वायपर ही मंडळी उडवतात. कमावणारा आडवा झाला तरी घर काही दिवस साठवणीवर चालतं. तेवढे दिवस सगळ्यांना वाटतं, आपलं उत्तम चाललंय.

पहिला बिघाड अगदी खरा होता. डब्यातले कार्बन झिजले होते. डॅशबोर्डवरचा लाल दिवा वीस मिनिटं जळत होता, काकू वीस मिनिटं "अहो, हे लाल लाल काय?" असं विचारत होत्या आणि काका वीस मिनिटं "काही नाही" असं सांगत होते. एकविसाव्या मिनिटाला गाडी थांबली. त्यानंतर पुढील उपाययोजना करण्यात आल्या:

(१) नवा अल्टरनेटर बसवण्यात आला.
(२) बॅटरी मिस्त्रीकडे चोवीस तास ठेवून पूर्ण चार्ज करण्यात आली.
(३) किल्ली फिरवली की क्षणभर लाल दिवा लागत असे आणि काकू दाराची मूठ घट्ट धरत असत. ती गैरसोय दूर करण्यात आली.
(४) काकांनी गाडी पुसली.

घरात शांतता नांदू लागली. काकूंनी मूठ सोडली. पंधरा दिवसांनी गाडी बंद पडली.

मिस्त्रीने दुसरा अल्टरनेटर बसवला आणि बॅटरी चोवीस तास चार्ज केली. गाडी बारा दिवस चालली. तिसरा बसवला, बॅटरी चार्ज केली, एकोणीस दिवस. चौथा, पाचवा. दर वेळी मिस्त्री नव्या डब्यावर थाप मारून म्हणे, "बघा, कशी पळतेय!" आणि गाडी खरोखरच पळत असे. मिस्त्रीच्या निदानात एक प्रामाणिकपणा होता, तो असा की एकदा दिलेलं कारण त्याने पुन्हा कधी दिलं नाही. दुसऱ्या वेळी माल हलका होता. तिसऱ्या वेळी पट्टा सैल होता, चौथ्या वेळी पट्टा घट्ट होता (तिसऱ्या वेळी त्यानेच आवळला होता), आणि पाचव्या वेळी त्याने गाडीकडे बराच वेळ पाहून विचारलं, "डॉक्टर, ही तुम्ही कुणाकडून घेतली होती?"

माझं काम यापेक्षा कठोर पद्धतीने चाललं होतं. मी एक वही केली. तिच्यात सदतीस रकाने होते: तारीख, तापमान, आर्द्रता, एकूण अंतर, त्यातलं दिवे लावून कापलेलं अंतर, हॉर्नची संख्या, काकांची मनःस्थिती (एक ते पाच), काकूंची मनःस्थिती (एक ते दोन), वगैरे. दोन बिघाडांमधलं सरासरी अंतर शहाण्णव किलोमीटर आलं. दिवे जितके जास्त लावावेत तितका बिघाड लवकर, असा एक सुरेख आलेखही निघाला. त्यातला एकच बिंदू रेषेबाहेर होता. तो मी खोडला. गाडी बाजूला ढकलायला आजवर एकूण एक्केचाळीस नागरिकांनी हात लावला. त्यातल्या अडतीस जणांनी सल्ला दिला आणि तिघांनी नुसताच धक्का मारला (त्यांचे आभार).

अडतिसावा रकाना मी केला नव्हता. निरीक्षकाने स्वतः काय केलं, याला शास्त्रीय वहीत सहसा रकाना नसतो.

सहावा बिघाड काकूंच्या निरोपसमारंभाच्या दिवशी झाला.

काकू बत्तीस वर्षं ग्रंथपाल होत्या. कोणत्याही पुस्तकाचं पहिलं पान वाचून ते कुठल्या कपाटात जाणार हे त्या सांगतात, आणि बत्तीस वर्षांत एकही पुस्तक चुकीच्या कपाटात गेल्याची नोंद नाही. निरोपाच्या दिवशी बोलण्यासाठी त्यांनी महिनाभर खपून अकरा मिनिटांचं भाषण लिहिलं होतं. त्यातलं 'पुस्तकं परत न करणाऱ्यांविषयी' हे प्रकरण त्यांनी मला स्वयंपाकघरात दोनदा वाचून दाखवलं होतं. सभागृह चार ते पाच मिळालं होतं.

पावणेचारला, ग्रंथालयापासून दोन किलोमीटरवर, गाडी थांबली. मी स्कूटर बाजूला लावून वही उघडली.

"अहो, थांबली."

"थांबली नाही गं. जरा दम खातेय."

"किती वेळ खाईल?"

"दोन मिनिटं."

"तुमची दोन मिनिटं मी लग्नापासून ओळखते."

दहा मिनिटं झाली. मी म्हणाले, "काकू, स्कूटरवर सोडते." त्या स्कूटरवर बसल्या. स्कूटरही सुरू होईना. (मी चोक बंद केला नव्हता. हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.) मग त्या उतरल्या, भाषणाचे कागद पर्समध्ये नीट ठेवले आणि चालू लागल्या. "अगं, रिक्षा बघतो ना!" असं काका मागून ओरडले. त्या वळल्या नाहीत. मी मागे वीस मीटर अंतर ठेवून चालत होते.

ग्रंथालयात अध्यक्षांना पुढे दुसरा कार्यक्रम होता. त्यामुळे त्यांनी वेळेवर सुरुवात करून काकूंच्या वक्तशीरपणावर सहा मिनिटं भाषण केलं, आणि पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवून ते गेले. त्यांच्यामागे चहा संपला, आणि चहामागे माणसं. आम्ही पोहोचलो तेव्हा शिपाई खुर्च्या एकात एक रचत होता. पुष्पगुच्छाची खुर्ची त्याने शेवटी ठेवली होती. काकूंनी कागद काढले आणि पहिला परिच्छेद त्याला वाचून दाखवला. मग घडी घातली. शिपायाने टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण त्याच्या दोन्ही हातांत खुर्च्या होत्या.

घरी आल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "गाडी विका."

मला वाटलं, काका वाद घालतील. गाडीच्या बाबतीत ते पूर्वी मिस्त्रीशी, विमा एजंटाशी आणि एकदा ट्रॅफिकच्या दिव्याशीही भांडले आहेत. ते म्हणाले, "बरं." मग त्यांनी कपाटातून गाडीचं मॅन्युअल काढलं, फडक्याने पुसलं आणि परत ठेवलं. थोड्या वेळाने माझ्या खोलीत आले.

"विकू. पण कारण तर कळू दे. कुणाच्या गळ्यात बिघडलेली वस्तू नाही मारायची. तू बघ ना, तुझ्यावर माझा भरवसा आहे."

म्हणून मी एक ऑटो इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याला सगळे अँपिअर म्हणतात. तो आला तेव्हा काका दवाखान्यात होते आणि काकू झोपल्या होत्या. मी त्याला वही दिली. त्याने ती आदराने बॉनेटवर ठेवली, तिच्यावर पक्कड ठेवली आणि किल्ली फिरवली.

"ताई, इथला लाल दिवा कुठाय?"

"कशाला हवाय?"

"कशाला म्हणजे? या जुन्या गाड्यांमध्ये अल्टरनेटरला पहिला करंट त्या दिव्यातूनच जातो. दिवा नाही तर त्याला उठवणार कोण? झोपलेल्या माणसाला हाकच मारली नाही, तर तो कामावर जाईल का?"

मी वहीवरची पक्कड उचलून बाजूला ठेवली. तो पुढे म्हणाला, "कधीमधी जोरात रेस दिली तर आपला आपण जागा होतो म्हणा. तेवढाच एखादा दिवस तुमचा हिशेब चुकला असेल."

(तो खोडलेला बिंदू.)

"म्हणजे आधीचे अल्टरनेटर?"

"पहिला सोडला तर सगळे ठणठणीत. तुम्ही नुसत्या चार्ज केलेल्या बॅटरीवर फिरताय, बॅटरी संपली की डबा बदलताय." त्याने खिशातून एक नखाएवढा दिवा काढला, बसवला, इंजिन सुरू केलं. दिवा लागला आणि विझला. त्याचा मीटर चौदा व्होल्टच्या वर गेला, म्हणजे डबा कमवू लागला. एकूण वेळ चार मिनिटं. "कुणी काढला होता हो? कुणीतरी मुद्दाम काढल्यासारखा वाटतोय, दोन बोटांनी."

"बघावं लागेल," मी म्हणाले आणि माझी दोन बोटं मुठीत घेतली.

"डॉक्टरांना मी सांगू का?"

"नको. मी सांगते."

आता वाचकांना वाटेल, यात सांगण्यासारखं अवघड काय आहे? मलाही दुपारभर तसंच वाटत होतं. संध्याकाळी जेवायला बसल्यावर काकांनी विचारलं, "मग? काय म्हणाला तो?" काकू वाढत होत्या. त्यांच्या टाचांना अजून पट्ट्या होत्या. चालायचे बूट घालून कोणी निरोपसमारंभाला निघत नाही.

"सविस्तर अहवाल देते," मी म्हणाले.

"पण दोष गाडीचाच ना?"

"तसं अजून निश्चित म्हणता येणार नाही." (हे विधान शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष आहे. मी ते आजही मागे घेणार नाही.)

अहवाल चौदा पानांचा झाला. सत्य त्यात संपूर्ण आहे, अगदी काहीही लपवलेलं नाही. ते परिशिष्ट 'ड'च्या तिसऱ्या तळटीपेत आहे: 'दरम्यानच्या काळात सूचक दिवा स्वस्थानी नसल्याचे आढळून आले.' काकूंनी पहिलं पान वाचलं. त्यावर अल्टरनेटरच्या शोधाची पार्श्वभूमी होती. "इतिहास," असं म्हणून त्यांनी अहवाल इतिहासाच्या कपाटात ठेवला. काका मॅन्युअलशिवाय काहीच वाचत नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवर थाप दिली आणि म्हणाले, "एवढं करूनही कारण सापडलं नाही, म्हणजे गाडीच संपली. माझंच चुकलं. तुझ्या काकूचा तो दिवस पुन्हा थोडाच येणार आहे."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी पाणी प्यायले.

मग काका म्हणाले, "जाहिरात तू लिही. खरं खरं लिही, काही लपवू नकोस." तुम्ही वाचताय ती ही जाहिरात. जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळाच्या मासिकात ती पहिल्यांदा गेल्या महिन्यात आली आणि आता दुसऱ्यांदा येत आहे. पहिल्या पानावर काय ठेवायचं याची काळजी घेतली आहे. काकू त्यापुढे जात नाहीत.

तर, विकणे आहे: दोन सीटची स्पोर्ट्स कार, इंजिन उत्तम, वीजव्यवस्था उत्कृष्ट, सोबत चार नवे अल्टरनेटर आणि एक मेलेला. गाडी सदोष आहे अशी काकांची समजूत असल्याने त्यांनी किंमत जवळजवळ भंगाराची ठेवली आहे. फोन संध्याकाळी पाच ते सात. काका स्वतः उचलतात आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात: "तुम्ही जाणकार दिसता. ही का बंद पडत असेल हो?"

खरं सांगितलंत, तर काका गाडी विकणार नाहीत, काकू निदान गाडीला तरी माफ करतील, आणि माझं काय व्हायचं ते होईल. काही माहीत नाही म्हणालात, तर निरोगी गाडी मातीच्या भावात तुमची. जाहिरात मूळ दोन ओळींची होती. ती एवढी लांब करण्यामागे माझं एक गृहीतक होतं: जे मला सांगता येत नाही, ते सगळं वाचलेल्या दहा जणांपैकी निदान सहा जण तरी काकांना सांगतील.

गेल्या महिन्यात चौदा फोन आले. काकांनी चौदाही वेळा विचारलं. चौदाही जण म्हणाले, "काय सांगणार, जुनी गाडी आहे," आणि किंमत आणखी थोडी खाली येईल का, असं विचारलं.

त्या चौदाही जणांना काकांनी रविवारी गाडी बघायला बोलावलं आहे. आज शुक्रवार. संध्याकाळचे पाच वाजत आलेत, आणि पंधरावा फोन तुमचा आहे.