कुणी राहिलं का?

"कुठलीच सूचना हसण्यासारखी नसते," असं बागेच्या पहिल्या बैठकीत मीच सांगितलं होतं. आणि कचरूनानांच्या सूचनेवर सगळ्यांत आधी मीच हसलो.

गारखेड्यातल्या आमच्या कॉलनीत एक मोकळा प्लॉट आहे. तिथं बाग करायची, पण नकाशा रहिवाशांना विचारूनच काढायचा, असं ठरलं. मी आर्किटेक्ट, म्हणून काम माझ्याकडं आलं. मंडपात सतरंजीवर नकाशा पसरायचा आणि ज्याला जिथं जे हवं, तिथं त्यानं टिकली चिकटवायची. टिकल्या बायकोच्या डब्यातल्या.

नाना एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. अंगानं भरदार. बैठक संपत आली की ते उठून मागच्या रांगेपर्यंत जायचे, सगळ्यांवर नजर फिरवायचे आणि विचारायचे, "कुणी राहिलं का?" मग तोंडानंच "टिंग टिंग" करायचे. त्याशिवाय कुणी उठत नसे.

पण नानांचं कुणी ना कुणी राहिलेलंच असायचं. जे आले नाहीत, त्यांच्या वतीनं ते बोलत.

"पाणीपुरीवाला आला नाय. गेटाजवळ त्याच्या गाडीला जागा ठिवा."

"नाना, तो आपल्या कॉलनीत राहत नाही."

"मग तुम्ही रोज पाणीपुरी कुठं जाऊन खाता, साहेब?"

मी टिकली दिली.

कपडे शिवणाऱ्या शमीमआपा त्यांची फिरकी घ्यायच्या. "आज कोणाची वकिली, नाना?"

"तुमच्या सुनेच्या बाळाची. त्याच्या गाडीला उतार पाहिजे, पायऱ्या नको."

"अहो, बाळ व्हायचंय अजून."

"सीट आधी धरावी लागती, आपा."

एकदा शेळ्यांसाठी टिकली मागितली. मी नाही म्हणालो. पुढच्या बैठकीला नाना टिकल्यांचं स्वतःचं पाकीट घेऊन आले.

शेवटच्या बैठकीत आपांनीच विचारलं, "सगळ्या दुनियेचं झालं. तुम्हाला काय पाहिजे?"

नाना चक्क लाजले. "झोका," ते म्हणाले. "मोठ्या माणसाचा. लहानपणी देवगावात मेंढरांमागं फिरण्यात राहून गेलं."

"नाना, साखळीऐवजी क्रेन बसवावी लागेल," मी म्हणालो आणि हसलो. मग सगळेच हसले. नानांनी बोटावरची टिकली स्वतःच्या खिशाला चिकटवली आणि निघून गेले.

मी "झालं" म्हणालो, तरी कुणी उठेना. टिंग टिंग झालंच नव्हतं.

मी नकाशा बदलला. लहानांच्या झोक्यांशेजारी जाड साखळ्यांचा, रुंद फळीचा एक झोका आला. बाग उघडली त्या सकाळी मी नानांना बोलवायला गेलो. नानी गेल्यापासून ते एकटेच राहतात, हे मला त्यांच्या दारात उभं राहिल्यावर आठवलं. वाटेत माफी ओठांवर येऊन परत जात होती.

नाना झोक्यावर बसले. पायानं रेटा दिला. झोका जरासा हलला आणि थांबला.

"लई चांगला हाय," ते म्हणाले. "पण एकट्याचं काम नाय हे, साहेब. मागं कुणीतरी लागतं."

मी मागं गेलो आणि त्यांना झोका दिला. त्यांचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून जमलं.

"नाना, त्या दिवशी मी हसलो. चुकलं माझं. माफ करा."

झोका लांब गेला आणि परत माझ्या हातांशी आला.

"पुढं गेल्यावर ऐकू येत नाय," नाना म्हणाले. "परत म्हणा. अन् झोका जरा जोरात द्या."

मी दोन्ही केलं.